बसलेल्या पेशी ऐकत नाहीत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा प्रयोग तीन महिने अडून राहिला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतूंचा अंश दाखवला की त्या सूज आणणारी द्रव्यं सोडतात. शरीराचंच एक प्रथिन त्यांना शांत करतं. ते प्रथिन मी पेशींना द्यायचे. एका आठवड्यात त्या गप्प व्हायच्या, पुढच्या आठवड्यात अजिबात नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुझ्याच कामात ढिसाळपणा आहे." त्या संध्याकाळी डिचोलीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले.

पेशी वाढवायचं काम आमच्याकडे इब्रामपूरच्या एक ताई करायच्या. शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, जिभेने तिखट. त्यांच्या टेबलावर कुणी नुसतं पेन ठेवलं तरी ऐकून घ्यावं लागे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा चेहरा बघितला आणि आपली वही उघडली. कुठल्या दिवशी पेशी वाढवायला कुठल्या प्लास्टिकच्या डिश वापरल्या, सगळं लिहिलेलं.

"हय बघ. गप झाल्यो त्या आठवड्यात डिशी वेगळ्यो होत्यो, पेशी चिकटनत नाय तसल्यो. बसलेल्यो पेशी आयकनत नाय गो. तरंगतत त्योच आयकतत."

सरांना पटलं नाही. "पेशी त्याच, प्रथिन तेच. डिशने काय होणार?"

ताईंनी वाद घातला नाही. माझंच रक्त घेतलं, पेशी वेगळ्या केल्या, अर्ध्या एका प्रकारच्या डिशमध्ये, अर्ध्या दुसऱ्या प्रकारच्या, आणि दोन्हींना जंतूंचा अंश आणि प्रथिन दिलं. डिशमधलं द्रव मी नळ्यांत काढलं, नळ्यांवर नुसती अक्षरं घातली आणि यादी सरांच्या खणात ठेवली. मोजमाप ताईंनी केलं, कुठली नळी कशातली हे न कळता. यादी उघडली तेव्हा चिकटलेल्या पेशी सूज आणणारं द्रव्य सोडतच होत्या. तरंगणाऱ्या शांत होत्या. चार वेळा तसंच.

"कदाचित प्लास्टिकच प्रथिन शोषत असेल," सर म्हणाले. शंका रास्त होती.

ताई म्हणाल्या, "मग डिश तीच ठेवूया, सर. पेशींची पकडच अडवूया."

पेशी ज्या रेणूंनी पृष्ठभाग धरतात, ते अडवणारं द्रव्य त्यांनी नेहमीच्या, पेशी चिकटतात त्या डिशमध्ये घातलं. पेशी सुटून तरंगल्या, आणि प्रथिन दिल्यावर गप्प झाल्या. सरांनी आकडे दोनदा तपासले. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, म्हणाले, "मी चुकलो." शोधनिबंधात ताईंचं नाव माझ्या शेजारी आलं.

निबंध छापून आला त्या दिवशी पावभाजी मागवली होती. खाता खाता ताईंनी आपल्या आईबद्दल विचारलं, "माझ्या आवशीचो गुडघो वर्षानुवर्षं सुजलेलो आसा. तिथल्यो पेशी पण अशोच धरून बसल्यो असतीत?"

मी तो प्रश्न तिथेच वहीत लिहून घेतला. माझ्या प्रबंधाचा पुढचा सगळा भाग त्या प्रश्नावर उभा आहे, आणि तो लिहिताना मी रोज ताईंकडून शिकत गेले.