थँक्यू झाल्यावरचा फोटो

साताऱ्यातल्या त्या फोटोग्राफरचं नाव मी विचारलंच नाही. पलटणीत साहेबलोकांचे फोटो काढता काढता तो त्या कामापुरतं इंग्रजी शिकला होता. "चिन अप. लुक हिअर. होल्ड इट," हे त्यानं आमच्या आधी फोटोला बसलेल्या सुभेदाराला ज्या तोऱ्यात सांगितलं, त्याच तोऱ्यात माझ्या वडिलांनाही सांगितलं.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी. ए. भाड्याचा गाऊन चढवून मी वडिलांशेजारी बसलो होतो. वडूजच्या घरात टांगायचा हा पहिलाच फोटो, तो झोकात यावा एवढीच माझी इच्छा. पण वडील पंचांपुढं बसवल्यासारखे ताठ झाले होते.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्याच्या भिंगावरच्या टोपीवर हात ठेवला आणि ती न काढताच म्हणाला, "थँक्यू."

वडिलांनी श्वास सोडला, माझ्या गाऊनची बाही चाचपली आणि माझ्याकडं बघून हसले. मी म्हणालो, "अहो, थँक्यू शेवटी म्हणतात." तेवढ्यात त्यानं टोपी काढून परत लावलीसुद्धा; फोटो निघाला होता.

"आवं बीएसाहेब, मला ठावं हाय," तो म्हणाला. "होल्ड इट म्हटलं की मानूस लाकूड व्हतोय. थँक्यू म्हटलं की परत मानसात येतोय. मी तवाच काढतो."

वडिलांनी मला तोंडानं शाबास कधी म्हटलं नाही. त्या फोटोत मात्र ते स्वच्छ दिसतं. शेजारी त्यांचा पदवीधर मुलगा, तोंड उघडं टाकून, फोटोग्राफरला इंग्रजी शिकवतो आहे.