साहेबांचं नाव राहून गेलं

आज दुपारी मला चारचौघांत फक्त एक नाव घ्यायचं होतं.
ते मी घेतलं नाही.

माझे थोरले चुलते अण्णा, म्हणजे व्यंकटराव, काल नांदेडच्या दवाखान्यात वारले. आज मुखेडला अंत्यविधी झाला.

बऱ्याच मित्रांना ते 'पायलट अण्णा' म्हणून माहीत असतील. एअरफोर्समध्ये होते, एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानावर होते, वीरचक्र मिळालेलं. एवढं गावाला पाठ आहे.

पण अण्णा पायलट नव्हते. नेव्हिगेटर होते. रस्ता सांगणारे.

ते हे आयुष्यभर सांगत राहिले. चौकात कुणी तरी विचारायचं, "पायलट अण्णा, एसटी बी चालवता येती का?"
"न्हाई. पर देगलूरची कुठं वळती ते सांगतो."
लोक हसायचे. पुढच्या वेळी परत पायलट अण्णाच.

झालं होतं असं.

रात्री बॉम्ब टाकून परतताना त्यांच्या विमानाला खालून गोळा लागला. समोरची काच फुटली आणि तुकडे पायलटच्या डोळ्यांत गेले. एक डोळा तिथंच गेला. दुसऱ्यात रक्त.

त्या विमानात पायलटच्या सीटला बाहेर फेकलं जायची सोय होती. नेव्हिगेटरच्या सीटला नव्हती. त्याने बाजूच्या दारातून उडी मारायची. आणि विमान इतकं खाली होतं की पॅराशूट उघडलंच नसतं.

म्हणजे पायलट एक खटका ओढून सुटू शकत होते. अण्णा नाही.

पायलटनी खटका ओढला नाही.

मग अण्णा सरपटत त्यांच्या शेजारी गेले आणि घड्याळं वाचून दाखवत राहिले. उंची एवढी. वेग एवढा. थोडं डावीकडे. थोडं वर. धावपट्टीचे दिवे पायलटना नुसते धुरकट दिसत होते. बाकी सगळं कानावर.

दोघांनाही वीरचक्र मिळालं. आपल्या गावाने एकाचंच लक्षात ठेवलं.

काही वर्षांपूर्वी ते पायलट साहेब नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात दर्शनाला आले होते. तोवर दुसराही डोळा गेला होता. अण्णांनी त्यांचा हात धरला होता आणि पूर्ण वेळ सांगत होते. साहेब, पायरी. अब सपाट है. थोडा बाएँ.
साहेब हसून म्हणाले, "हाइट बता, हाइट."
मी मागून चपला घेऊन चाललो होतो. अण्णांना एवढं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी लातूरहून दवाखान्यात गेलो. अण्णांनी मला जवळ बोलावलं.

"मसणवट्यात भाषणं करतेत. तू उभा ऱ्हा. साहेबांचं नाव घे. बाकी काही बोलू नको."

मी म्हणालो, अण्णा, मला माईकवर बोलता येत नाही.

"म्हणून तर तुला सांगायलो. तू जास्तीचं बोलणार न्हाईस."

मी हाव म्हणालो.

आज गर्दी खूप होती. फ्लेक्सवर अण्णांचा फोटो, मागे भलतंच लढाऊ विमान, खाली 'शूर वैमानिक'. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एकाने सांगितलं, अण्णांनी एकट्याने विमान नेलं आणि एकट्याने परत आणलं. दुसऱ्याने त्यात जखमी सोबत्याला अण्णांच्या पाठीवर घातलं. लोक डोळे पुसत होते.

शेवटी माईकवाल्याने विचारलं, "घरचं कुणी बोलतंय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी हात जोडले आणि मान हलवली. नाही म्हणून.

एवढ्या लोकांसमोर मोठ्या माणसांना खोटं कसं पाडायचं, अण्णांचा मोठेपणा कमी केल्यासारखं झालं असतं, ही कारणं मी घरी येताना शोधली. तिथं उभा असताना यातलं काहीच मनात नव्हतं. फक्त माईकची भीती होती.

अग्नी दिल्यावर मी वळलो तर अण्णांची मुलगी, आमची शोभाताई, फोन धरून उभी होती. फोन सुरुवातीपासून चालू होता.

पलीकडे साहेब होते. पतियाळ्याला, घरी. येता येत नाही म्हणून निदान ऐकू दे म्हणाले होते.

सगळी भाषणं त्यांनी ऐकली. माझी मान हललेली तेवढी त्यांना दिसली नाही.

ताईने फोन माझ्या हातात दिला. साहेब म्हणाले, "बेटा, मराठी तो आती नहीं. उसका नाम सुनता रहा. बड़ी इज़्ज़त दी लोगों ने."

मग म्हणाले, "मुझे तो वही घर लाया था."

स्वतःच्या नावाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. आणि मला तेव्हाही सांगता आलं नाही की अण्णांनी एकच काम दिलं होतं.

ताईला ही पोस्ट दाखवली. ती उद्या फोनवर साहेबांना हिंदीत सांगणार आहे. मी चुकलो तेही सांग म्हणालो.

दहाव्याला परत माईक असेल. मी उभा राहीन असं इथं लिहून ठेवत नाही. एकदा हाव म्हणून झालं आहे.

अण्णा, बाकी काही बोलू नको म्हणाला होतात. मी इथं बाकीचंच सगळं बोललो. आता तेवढं राहिलेलं लिहितो.

ते विमान फ्लाइट लेफ्टनंट बलजिंदर सिंग चालवत होते.

तुमचं काम उशिरा केलं, अण्णा. जमलं तर माफ करा.
या आता.