पायाने दाबायच्या यंत्राची पूजा

रामनगरात गिटार वाजवणारा मी एकटाच होतो, आणि गावाच्या मते तो एकही जास्त होता. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. बसस्टँडजवळ आमचं किराणा दुकान होतं. सकाळी मी तांदूळ-गूळ तोलायचो आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोत्यावर बसून गिटार वाजवायचो. गिटार मडगावहून आणलेली, जुनी, विजेवर चालणारी. म्हणजे नुसती वाजवली तर डास गुणगुणल्याएवढा आवाज. तिला लागणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचा भला मोठा लाकडी खोका माझ्याकडे नव्हता. त्यामुळे गावाचं काहीच बिघडत नव्हतं, पण माझं फार बिघडत होतं.

बोटीवर नोकरीला असलेला माझा मावसभाऊ एका सुट्टीत जपानहून आणलेलं एक वापरलेलं यंत्र घेऊन आला. चपटं, काळं, जेवायच्या पाटाएवढं. वर पायाने दाबायची चार बटणं आणि लाल आकडे दाखवणारी एक चिमुकली खिडकी. माणूस उभा राहून गिटार वाजवतो, दोन्ही हात अडकलेले, म्हणून बटणं पायाला. आकडा बदलला की आवाज बदलायचा. एखाद्या आकड्यावर घुमायचा, एखाद्यावर थरथरायचा, एखाद्यावर परत परत यायचा. पण खरी गंमत वेगळीच होती. या यंत्रातून गेलेला आवाज कुठल्याही फाटक्या स्पीकरला जोडला, तरी तो मोठ्या लाकडी खोक्यातून आल्यासारखा भरदार वाटायचा. खोका नसताना खोका असल्याचा भास निर्माण करणं हेच त्याचं काम.

सोबतचं माहितीचं पुस्तक जपानीत होतं. त्यातलं मला एकच चित्र कळलं. यंत्रावर पाण्याचा पेला सांडतोय आणि त्यावर मोठी फुली. बाकी सगळं मी बटणं दाबून, वायरी उलट्यासुलट्या खुपसून आणि दुकानातले पेन्सिल सेल गुपचूप संपवून शिकलो. यंत्र आमच्या टेपरेकॉर्डरला जोडून पहिल्यांदा गिटार छेडली तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते यंत्र समजावणं हा एक वेगळाच ताप होता. त्या दिवशी दुकानात अज्जाही बसले होते. अज्जा पेशाने सुतार आणि गावच्या भजनी मंडळातले सगळ्यांत थोरले टाळकरी. सगळा गाव त्यांना अज्जा, म्हणजे आजोबाच, म्हणायचा.

"म्हंजे खोका न्हाई," आप्पा म्हणाले.

"न्हाई."

"पण हाय असं वाटतंय."

"व्हय."

"आनि ऐकणाऱ्याला दिसत न्हाई व्हय, खोका न्हाई म्हणून?"

मी कपाळाला हात लावला. अज्जांनी माझी दया येऊन विडा गालात सरकवला. "फणसाच्या फळ्या हाईत माझ्याकडं. चार दिसांत खरा खोका करून देतो. खोट्याच्या नादाला कशाला लागतोस रे?"

आता आप्पांचं सांगतो. आप्पा त्या भजनी मंडळाचे बुवा होते. बुवाने पुढे बसून ओळ म्हणायची, ती सोडली की मागच्या टाळकऱ्यांनी उचलायची, अशी आमच्याकडची रीत. बुवा म्हणत असताना ओळीला तोंड घालणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालणं. वीसेक वर्षं आप्पांनी गावच्या देवळातला माघातला सप्ताह गाऊन काढला होता. पण त्या पावसाळ्यात त्यांना ताप आणि खोकला असा काही चिकटला, की बरे झाल्यावरही आवाज वर गेला की मधेच तुटायचा.

सप्ताहाआधी मंडळ देवळात बसलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट सगळे इतकं गोड बोलले की मला तिथेच संशय आला. खानापूरकडून बदलून आलेले एक तरुण मास्तर होते, त्यांचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. यंदा सांगतेच्या भजनाला, म्हणजे शेवटच्या दिवशीच्या मोठ्या भजनाला, त्यांनी पुढे बसावं असं ठरलं. आप्पा "ब्येस झालं" म्हणाले आणि घरी आले.

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं थांबलं. आधी आप्पा गूळ फोडताना गायचे, पुड्या बांधताना गायचे, गिऱ्हाईक घासाघीस करत असेल तर मुद्दाम मोठ्याने गायचे. आता दुकानात नुसता तराजूचा खडखडाट. मला मंडळाचा राग आला, मास्तरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या "ब्येस झालं"चा आला. आप्पांनी आणखी एकदा तरी पुढे बसावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

मग डोक्यात वीज चमकली. गिटारला जे यंत्र खोका देतं, ते आप्पांच्या आवाजाला का देणार नाही?

गावच्या स्पीकरवाल्याकडून मी एक माइक मागून आणला आणि गिटारच्या जागी यंत्रात खुपसला. पहिल्या आकड्यावर आप्पांचा "हरी" मालट्रक चालू झाल्यासारखा निघाला. आई आतून धावत आली. पाचव्या आकड्यावर तो इतका थरथरला, की आप्पांना पुन्हा ताप भरलाय असं वाटावं. दोन तास मी आकडे फिरवत होतो, आणि आप्पा दर वेळी निमूटपणे "हरी" म्हणत होते, कारण मनातून त्यांनाही हवं होतं. चौदाव्या आकड्यावर, सगळ्यांत मोठा खोका लावून, थोडासा घुमारा ठेवून, आवाज आला तो भरलेला, गोल, बिनतुटीचा.

आप्पांनी दचकून टेपरेकॉर्डरकडे बघितलं. "ह्यो कोण?"

"तुमीच."

त्यांनी डोळे मिटले आणि अख्खं पद म्हटलं. चुलीवरची आमटी करपली तरी आई हलली नाही.

अज्जांना बोलावून ऐकवलं. त्यांनी यंत्राच्या खाली वाकून बघितलं, मागे बघितलं, आणि निवाडा दिला. "सांगतेच्या दिवशी दुपारी एक पद म्हणू दे बुवाला. टिकलं तर संध्याकाळच्या सांगतेलाबी त्योच. न्हाई टिकलं तर मास्तर. मग कुणी तोंड पाडायचं न्हाई." मास्तरांनीही मान डोलावली. भला माणूस, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येईना.

त्या दुपारी मी सगळं दोनदा तपासलं. माइक यंत्रात, यंत्र स्पीकरवाल्याच्या मशीनमध्ये, तिथून वायर देवळाबाहेरच्या फणसावर बांधलेल्या दोन कर्ण्यांत. नवे सेल. खिडकीत आकडा एक. आता फक्त पायाने बटण दाबत चौदावर आणायचं.

तेवढ्यात अज्जा आंघोळ करून, ओलेत्याने, हळद-कुंकवाचं ताट घेऊन आले. नवं वाद्य देवळात येतं ते पूजेशिवाय वाजत नाही. पखवाजाची पूजा होते, टाळांची होते, स्पीकरवाल्याच्या मशीनवरही कुंकवाचा जुना टिळा होताच. यंत्राला पाटावर बसवलं. अज्जांनी चारही बटणांवर नेमकं एकेक बोट कुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली आणि समोर नारळ फोडला. जपानी पुस्तकातली फुली आठवून मी रुमाल टाकून खिडकी वाचवली. मग सगळं झाल्यावर मी सहजपणे उजवा पाय उचलला आणि बटणावर नेला.

"अयाई!" अख्खं देऊळ ओरडलं. अज्जांनी माझा घोटा हवेतच पकडला.

"पाय लावतोस व्हय रे? देव केलाय त्याला!"

"अज्जा, ते पायानंच दाबायचं असतंय. जपानात समदे तसंच दाबतात."

"जपानात पूजा केल्ती काय त्याची?"

एका पायावर उभं राहून वाद घालणं अवघडच. मी म्हटलं, बरं, हाताने दाबतो. पण ज्याने पाय उचलला त्याने आज त्याला शिवायचंच नाही, असा निकाल लागला. मला खांबापाशी बसवलं आणि यंत्रापाशी खुद्द अज्जा बसले. मी लांबून ओरडून सांगत गेलो, ते दाबत गेले, आणि देवाच्या कृपेने आकडा चौदावर येऊन थांबला. "आता हात लावू नका," मी हात जोडून म्हणालो.

पण अज्जा श्रद्धाळू माणूस. आप्पा पुढे बसले, पखवाज घुमला, तसे अज्जांनी दोन्ही हात यंत्राला लावले आणि वाकून त्यावर कपाळ टेकलं. पंधरा. मग पखवाजाला नमस्कार करून पुन्हा यंत्राला. सोळा. मी खांबाआडून हातवारे करायला लागलो. मी माफी मागतोय असं समजून अज्जांनी मला आशीर्वाद दिला, आणि तोच हात खाली येताना बटणावर टेकला. सतरा.

सतरावर काय होतं ते मला एकट्याला ठाऊक होतं.

आप्पांनी पहिली ओळ म्हटली. भरदार, गोल. ओळ संपली, आणि फणसावरून ती पुन्हा पहिल्यापासून आली. संपली, पुन्हा आली. टाळकरी टाळ उचलून तयार होते, पण बुवा अजून म्हणतोय म्हटल्यावर तोंड कसं घालणार? ते थांबले. टाळकरी उचलत नाहीत म्हणून आप्पा थांबले. यंत्र एकटंच म्हणत राहिलं, पाचदा, सहादा, दर वेळी थोडं बारीक. स्पीकरवाला बाहेर जाऊन झाडावर कोण चढलंय ते बघून आला.

शेवटी आवाज विरत आला आणि टाळ खाली येणार, एवढ्यात आप्पांना खोकला आला. तोही परत आला. पुन्हा आला. चौदा टाळकरी अदबीने त्या खोकल्यासाठीही थांबले.

दुसऱ्या ओळीचंही तेच झालं. बायका पदराआड हसायला लागल्या. मास्तर जमिनीकडे बघत ओठ चावत होते. आप्पांचे कान लाल झाले होते. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांची होती नव्हती तेवढी जागा मीच माझ्या हाताने घालवली होती.

आप्पांनी माइक उचलला, शेजारी पालथा ठेवला आणि तिसरी ओळ तशीच म्हटली. आवाज पातळ, उघडा. वर चढला आणि अर्ध्यावर, सगळ्यांना माहीत होतं तिथेच, तुटला.

आधी असं झालं की टाळकरी खाली मान घालून थांबायचे आणि आप्पा ती ओळ कशीबशी ओढत न्यायचे. पण आज दोन अख्ख्या ओळी यंत्राने खाल्ल्या होत्या आणि चौदाही जणांचा संयम सुटला होता. आता ही तरी हातची जाऊ द्यायची नाही म्हणून ते सगळे तुटल्या जागीच तिच्यावर तुटून पडले. ओळ आप्पांच्या तोंडातून काढून घेतली आणि घेऊन गेले वर. आप्पा चकित होऊन बघत राहिले, आणि बघता बघता त्यांनी श्वास घेतला. पुढची ओळही अर्धी आप्पांची, अर्धी टाळकऱ्यांची. पद संपलं तेव्हा पखवाजवाला घामाने निथळत होता. एवढ्या जोरात ते पद त्या देवळात कधी झालं नव्हतं.

टाळ थांबल्यावर आप्पा उठायला लागले. "झालं. न्हाई टिकलं. सांगतेला मास्तर बसू देत."

"खाली बस," अज्जा म्हणाले. ते इतके रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. "एवढी वरसं समदं तूच म्हणत आलास. आमी मागनं नुसतं तेच तेच म्हणत व्हतो. आता निम्मं तू म्हण आनि निम्मं आमाला ठेव. तुझ्या मागं बसलोय ते कशाला?"

आप्पा धोतराच्या सोग्याने तोंड पुसत परत खाली बसले. मी खांबामागे उघडउघड रडलो. मास्तर उठले, टाळकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले आणि म्हणाले, "मलाही एक टाळ द्या."

संध्याकाळी सांगतेला आप्पाच पुढे बसले. जन्मात पहिल्यांदा मीही टाळ घेऊन त्यांच्या मागे बसलो, मास्तरांच्या शेजारी. आप्पांची पहिली ओळ वर चढली, नेहमीच्या जागी तुटली, आणि मी सगळ्यांबरोबर झेप घेतली. सूर साफ चुकला, पण वेळेवर.