आंब्यांच्या पत्रांवरचा श्री

माझ्या सासऱ्यांनी नव्वदी केव्हाच ओलांडलीय. नुकताच स्वतंत्र झालेला आपला देश इंग्रजांशी काय भाषेत बोलायचा, हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. मिसरूड फुटायच्या वयात ते लंडनच्या आपल्या वकिलातीत टायपिस्ट होते. लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या आमच्या घरी जेवायला आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवतात, "तेव्हाचा सगळा पत्रव्यवहार या हातांतून गेलाय!" पाहुण्याची कोशिंबीर संपेपर्यंत देश पुन्हा एकदा स्वतंत्र झालेला असतो.

माझी मुलगी वकील. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी जेमतेम आणि पुरावा मागायची खोड भरपूर. एका रविवारी तिने विचारलं, "आजोबा, बट व्हेअर इज द प्रूफ? लेटरवर तुमचा सही आहे का?"

सही अर्थातच साहेबांची असायची. त्या दिवशी सासऱ्यांनी मागचा भात घेतला नाही. आमच्या घरात एवढं म्हणजे फार झालं. इतर कुणी थापाड्या म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं, पण नातीने म्हणावं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फर्मावलं, "अगं, ती जुनी सरकारी पत्रं ठेवलीत ना, तिथे मला घेऊन चल. दोघींनी यायचं. माझी खूण आहे त्यांच्यावर." कसली खूण, ते मात्र सांगायला तयार नाहीत.

त्या दफ्तरखान्यात शिरणं म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये शिरण्यासारखं. कोट बाहेर, पिशवी बाहेर, शाईचं पेन बाहेर. आत फक्त पेन्सिल. सासऱ्यांच्या खिशातून सुपारीची डबी निघाली, खोबऱ्याची वडीही निघाली. खरी पंचाईत पुढेच होती. बोट जिभेला लावल्याशिवाय त्यांना पान उलटता येत नाही. बोट तोंडाकडे निघालं की समोरच्या टेबलावरच्या देखरेखीच्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि मी त्यांचा हात धरायची. सगळी सकाळ आमचा हा व्यायाम चालला होता.

पत्रं निघाली आंब्यांची. आपल्या सरकारने इथल्या कुणा मंत्र्याला आंब्यांच्या पेट्या भेट पाठवल्या होत्या आणि साउथहॅम्प्टनच्या बंदरात कस्टमवाले त्या अडवून बसले होते. पहिल्या पत्रात विनंती, पुढे खेद, मग तीव्र खेद. आंबे तोवर कुजून गेले असणार, दोन्ही सरकारांची भाषा मात्र शेवटपर्यंत ताजी.

पहिल्याच पत्राच्या अगदी माथ्यावर, राजमुद्रेच्याही वर, पेन्सिलीची नखाएवढी खूण होती. दफ्तरखान्याने सोबत जोडलेल्या वर्णनात लिहिलं होतं: अज्ञात चिन्ह, बहुधा गोपनीयतेचा संकेत.

मी मोठ्याने हसले. बाईंनी डोळे वटारले.

तो श्री होता. कागद मशीनवर चढवण्याआधी श्री काढल्याशिवाय सासऱ्यांचा हातच चालायचा नाही. निधर्मी देशाचं पत्र, जाणार इंग्रज अधिकाऱ्याकडे, विषय कुजके आंबे, आणि वर श्री!

"बाबा, साहेबांनी कधी पाहिलं नाही?"

"साहेब खाली सही करायचे. वर कशाला बघतील?"

मुलगी खाली वाकली. "सेम टेल! माझ्या बर्थडे कार्डवर असाच असते!" सासऱ्यांच्या श्रीची वेलांटी शेवटी उगाच गिरकी घेते. आजोबा खुलले. पण वकीलच ती, तिने पुढची पत्रं चाळली. "वेट. हे काही लेटर्सवर नाही आहे. म्हणजे हे दुसऱ्या कुणी टाइप केले."

त्यांनी ती पत्रं जवळ ओढली. एकेकावरची तारीख बघितली.

"माझीच आहेत."

"मग श्री का नाही?"

"आई गेल्याचं कळलं होतं. सुतकात श्री काढत नाहीत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. सुतक म्हणजे काय, हे मी तिला इंग्रजीत सांगितलं. इतक्या वर्षांत जेवणाच्या टेबलावर हे एकदाही निघालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"ऑफिसमध्ये कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार? सगळ्यांना आंब्यांची घाई होती."

मुलगी उठून त्या बाईंकडे गेली आणि वर्णनात दुरुस्ती सुचवायचा कागद घेऊन आली. आजोबांच्या शेजारी खुर्ची ओढून तिने पेन्सिल हातात घेतली. कागदाच्या माथ्याशी ती थांबली.

"आजोबा, आज काढू शकते ना?"

"काढ," ते म्हणाले.