सिलिंडरची गिरणी

इमाली खासियाला हिने मलिन्याच्या बाजारात एकोणीस वर्षं मका दळला. गिरणी दुसऱ्याची, पण कान तिचा. जात्याचा आवाज जरा घासल्यासारखा झाला की बोलणं अर्ध्यावर टाकून ती उठायची, पट्टा उतरवायची, आणि सगळं ठीकठाक करूनच उरलेलं वाक्य पुरं करायची. माझी चहाची टपरी तिच्या गिरणीच्या खालच्या अंगाला, उतारावर आहे. तिच्यासाठी भरलेले किती कप असे वाट बघत थंड झाले असतील, त्याची मोजदाद नाही.

शनिवारी दुपारनंतर आम्ही पाच-सहा बायका टेकडीवर जायचो. सोनं हा आमच्यापैकी कुणाचाच धंदा नव्हता, नाद होता. जुन्या खड्ड्यांच्या कडेने गारगोटीचे दगड वेचायचे, ट्रकच्या जुन्या लोखंडी भागांतून केलेल्या उखळात घालायचे आणि तुटक्या अॅक्सलच्या मुसळाने पार पीठ होईपर्यंत कुटायचे. मग ते पीठ परातीत पाण्याने खळबळवायचं. परातीच्या कडेला पिवळी रेघ उमटली की घरी जाताना पाय हलके पडायचे.

कुटताना धूळ उडायची. आमचे केस, पापण्या पांढऱ्या व्हायच्या आणि आम्ही एकमेकींना म्हातारी म्हणून चिडवायचो. ती धूळ काय करते, ते इमालीची नणंद मुहोंजा हिच्यामुळे कळलं. आमच्यात सगळ्यात जोरकस हात तिचा. तिला खोकला लागला, तो दोन पावसाळे गेले तरी हटेना. शेवटी इमाली तिला काकामेगाच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "दगड फोडता का?"

"कुटते," मुहोंजा म्हणाली.

"आत गेलेली धूळ मला बाहेर काढता येणार नाही. आणखी जाऊ द्यायची की नाही, एवढंच तुमच्या हातात आहे."

पुढच्या शनिवारी मुहोंजा तोंडाला फडकं बांधून उखळापाशी हजर. इमालीने तिच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. मुहोंजाने ते परत घेतलं.

"घरी बसून खोकायचं ते इथे खोकते, वहिनी. इथे निदान तुमची टवाळी ऐकायला मिळते."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. तुझी दुसरी काही सोय असेल तर सांग. नसेल तर बाजूला हो, माझं काम खोळंबतंय."

इमाली बाजूला झाली. त्या दिवशी तिने एकही दगड कुटला नाही. मुहोंजाकडे बघत नुसती बसून राहिली.

नदीच्या रस्त्याला विजेवर चालणारी दगडाची मोठी गिरणी होती. पण तिथे पोती लागायची, आमच्यासारख्या बादलीवाल्यांना कुणी उभं करायचं नाही. आणि दळून उरलेली रेती गिरणीवाल्याची, असा तिथला कायदा. निम्मं सोनं त्या रेतीतच राहतं, हे त्यालाही माहीत आणि आम्हालाही.

सोमवारी इमालीने कोळशाने माझ्या टपरीच्या भिंतीवर चित्र काढलं. आडवं पिंप, आत दगडाचा चुरा, लोखंडी गोळे आणि पाणी. पिंप दोन लाटण्यांवर ठेवायचं, आणि फिरवायला सायकल.

"पाण्यात दळलं की धूळ उडणारच नाही," ती म्हणाली. "चिखल होईल, आणि चिखल कुणाच्या छातीत जात नाही."

सायकल तिच्या नवऱ्याची, लुंबासीची. "म्हणजे आता सायकल जागेवरच पळणार आणि मी चर्चला चालत जाणार," एवढं बोलून त्याने ती दिली. ट्रकच्या गॅरेजमधून जुन्या बेअरिंगचे गोळे मिळाले. अडलं ते पिंपापाशी. तेलाच्या पिंपाचा पत्रा पातळ, गोळ्यांनी महिन्याभरात फाटला असता. मग भंगारवाल्याकडे गॅसचा एक मोठा, गंजका सिलिंडर दिसला. जाड पोलाद, गोल पोट. इमालीने तो हातगाडीवर घालून शिमेंगा वेल्डरच्या शेडसमोर आणला. त्याची शेड माझ्या टपरीच्या वर, दहा-बारा पावलांवर.

गुरुवार होता, बाजाराचा दिवस. शिमेंगाने कटर हातात घेतला तेव्हा इमालीने पान्याने सिलिंडरला वर एक टोला दिला, मग मध्ये, मग खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि ती सरळ सिलिंडरवर जाऊन बसली.

"काकू, उठा. गिऱ्हाइकं थांबलीत."

"खाली आवाज बसतोय. आत काहीतरी आहे."

"दोन वर्षं उन्हात पडलाय तो. आत गंज असेल."

"पाणी भर, मग काप."

"व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसलाय. पाणी काय तोंडाने फुंकून भरू?"

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, काकू अंडं उबवतायत. हशा पिकला. मी वरून येणारा तो हशा ऐकत चहा ढवळत होते. शेगडीवर दहा लिटरचं पातेलं, खाली कोळसे लालभडक.

शिमेंगा चिडला. आत काही नाही हे तिला दाखवून देतो म्हणून त्याने मोठा पाना आणला, दांड्याला लांब पाइप अडकवला आणि सगळा भार टाकला. इमाली उठून बाजूला झाली. पितळ करकरलं. व्हॉल्व्ह अर्धा आटा फिरला.

मग फुसकारा सुरू झाला.

हशा तोंडातल्या तोंडात विरला. व्हॉल्व्हच्या पितळावर भर दुपारी पांढरं हिव धरायला लागलं, सडक्या कोबीसारखा वास पसरला. शिमेंगाने पाना टाकला आणि शेडकडे वळला, वीज बंद करायला.

"बटणाला हात लावू नकोस," इमाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता. शिमेंगाचा हात हवेतच राहिला.

तिने व्हॉल्व्ह उलटा फिरवायला बघितला, फिरेना. एक मोटारसायकलवाला किक मारायच्या बेतात होता. तिने जाऊन त्याची किल्लीच काढून घेतली. वारा अजिबात नव्हता. तिने जमिनीकडे बघितलं, उताराकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"खावेत्सा, शेगडी."

मला क्षणभर कळलंच नाही. मग माझ्या पायांपाशी वास आला. नाकाशी नाही, घोट्यांपाशी, पाणी चढावं तसा. मी पातेलं उचललं आणि सगळा चहा शेगडीवर ओतला. राखेचा लोट उठला, हात पोळले. वाफ सरली तेव्हा मागच्या कोपऱ्यात तीन कोळसे अजून लाल दिसत होते. माझ्याकडे पाणी उरलं नव्हतं. शेजारच्या भाजीवालीने रताळ्यांची टोपली उपडी केली आणि तिच्या तळाची ओली माती ओंजळीने शेगडीत टाकली. मीही टाकली. दोघी टाकतच राहिलो. लाल दिसायचं थांबलं तरी टाकत राहिलो.

वर इमाली दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी होती. कुणाला पुढे येऊ देत नव्हती, कुणाला बोलू देत नव्हती, कारण तिला फुसकारा ऐकायचा होता. तो बारीक झाला, अडखळला, पुन्हा सुरू झाला. बाजाराच्या दिवशी मलिन्यात एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. माझे हात भाजलेत हेसुद्धा मला नंतर कळलं.

बऱ्याच वेळाने वारा सुटला. फुसकारा थांबला तरी इमालीने हात खाली घेतले नाहीत. मनातल्या मनात किती आकडे मोजले कुणास ठाऊक. मग तिने मोटारसायकलवाल्याला किल्ली दिली आणि म्हणाली, "शंभर पावलं ढकलत ने. मग चालू कर."

शिमेंगा दगडावर बसला होता. कटर पायांपाशी पडलेला. "काकू," तो म्हणाला, "मी कापला असता."

"माहीत आहे. उद्या पाण्याने भरून काप. आणि खावेत्साच्या हाताला काहीतरी लाव."

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह पुरता काढून, तीनदा पाणी भरून, तीनदा ओतून, चौथ्यांदा काठोकाठ भरल्यावर त्याने व्हॉल्व्हच्या जागी मोठं तोंड कापलं. कापताना तो बोटभर कापून झालं की थांबून वास घेत होता, त्यामुळे तोंड वाकडं झालं आणि झाकण बसवायला सायकलच्या ट्यूबच्या दोन घड्या लागल्या.

गिरणी पहिल्या दिवशी चालली नाही. इमालीने जोरात पायडल मारले. आत नुसती घरघर. दोन तासांनी उघडलं तर दगड तसेच. हळू मारले तर गोळे तळाशी नुसते घसरत होते. तिसऱ्या वेळी तिने मुहोंजाला पायडलवर बसू द्यायला नकार दिला, लुंबासीला बसवलं, आणि स्वतः सिलिंडरला कान लावून जमिनीवर पडली.

"जोरात. नाही, कमी कर. आणखी कमी. आता थांबू नकोस."

आतून टप टप असा आवाज येत होता, गोळे वर चढून दगडांवर कोसळत असल्यासारखा.

"हीच चाल ठेव," ती म्हणाली.

"किती वेळ?" लुंबासीने विचारलं.

"चर्चला चालत जाऊन यायला लागतो त्याच्या तिप्पट."

एक बादली दळायला पाच तास लागतात. उखळाने ती कमी वेळात होते, हे खरं आहे, आणि घाई असलेल्या बायका अजून कुटतात. इमाली त्यांच्याशी भांडते. झाकण गळतं, पट्टा उतरतो, गोळे झिजले की नवे शोधावे लागतात. पण पीठ बोटांत धरलं तर कणही लागत नाही इतकं बारीक, आणि रेती आमची आमच्याकडे राहते.

शिमेंगाने त्यानंतर असे सहा सिलिंडर कापले. प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे माणूस पाठवतो: शेगडी विझव. तेवढ्या वेळाच्या चहाचे पैसे देतो, मी घेत नाही.

मुहोंजा बरी झालेली नाही. चढावर ती तीनदा थांबते. पण गिरणी चालली त्या दिवसापासून तिने मुसळाला हात लावला नाही. शनिवारी ती परातीपाशी बसते, इमाली ओला गाळ तिच्यापुढे ओतते, आणि धुण्याचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

"वहिनी, आज दळण जाड आहे," परवा ती म्हणाली.

"जाड नाही."

"मला सांगतेस? परत घाल."

इमालीने गाळ चिमटीत घेऊन चोळून पाहिला, परत सिलिंडरमध्ये ओतला, आणि लुंबासीला हाक मारली.