व्हयबाई आणि सासूबाईंची वाटी

तिला नाही म्हणताच यायचं नाही. आमच्या वाशीच्या, शहरातल्या नव्हे, गावाकडच्या वाशीच्या घरात वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा भाड्यानं राहायला आले, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघंही सरकारी नोकरीत. पोरगी नाशिककडची, पण इथं आल्यावर आमच्या बोलीतला पहिला शब्द शिकली तो ‘व्हय’. बारशाला या, व्हय. वास्तुशांतीला या, व्हय. गल्लीनं तिचं नावच व्हयबाई ठेवलं.

शनिवार-रविवारचं तर विचारूच नका. सकाळी बारसं, दुपारी मागच्या गल्लीत डोहाळजेवण, दुसऱ्या दिवशी पार तेर गावाला कुणाचा तरी साखरपुडा. नवरा गरीब बिचारा, मोटारसायकलला पिशवी अडकवून तयारच असायचा. पिशवीत खण-नारळ, टॉवेल-टोपी. जिना चढताना मला म्हणायचा, “काकू, लोक रविवारी आराम करतात, आम्ही सोमवारी ऑफिसात करतो.”

एकदा मी तिला रागावलेच. “अगं, एखाद्याला तरी नाही म्हण की.”

शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “काकू, आमच्या लग्नाला घरचं कुणी आलं नाही. सह्या करायला मित्रमंडळी तेवढी होती. आता कुणी दारात येऊन ‘या’ म्हणलं, की माझ्यानं नाही म्हणवत नाही.”

मीही शेंगा फोडू लागले.

मग येळवस आली, ती नेमकी रविवारी. आमच्याकडं त्या अमावस्येला सगळं गाव शेतात कडब्याचं खोपटं, म्हणजे कोप, घालून तिथंच जेवतं, आणि ज्याला शेत नाही त्याला चार घरची बोलावणी येतात. मी आठवडाभर आधीच बोलावलं, ती व्हय म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या जावेनं बोलावलं, तिलाही व्हय! आता जावेचं शेत माझ्या शेताला लागून, आणि बांधावरून भांडण होऊन आम्हाला नऊ वर्षं अबोला. मी तडकले. “तिच्याकडं जेवणार असशील, तर माझ्याकडं येऊ नकोस.”

तिचं तोंड एवढंसं झालं. पण म्हणाली, “काकू, एकदा माणसं तुटलीत माझी. आता मी कुणाला तोडायची नाही.”

येळवशीला तिनं काय करावं? स्वतः माझ्या कोपीपाशी जेवायला बसली, अन् नवऱ्याला बांधापलीकडं जावेच्या कडब्याच्या कोपीत बसवलं. माझी पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी तोंडात घातली अन् “हे ह्यांना पाहिजेच” म्हणत वाटीभर घेऊन, मी उठायच्या आत बांध ओलांडून गेलीसुद्धा. वाटी पितळेची, सासूबाईंचं नाव कोरलेली. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्याकडं आलेली. जावेनं ती ओळखली नाही असं होणारच नव्हतं.

आणि आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. थोड्या वेळानं वाटी आली ती आंबिलीनं काठोकाठ भरून. एक घोट घेतला, तर थेट सासूबाईंच्या हातची चव! आता मी तरी ती रिकामी कशी ठेवू? तिळाची पोळी मोडून घातली. व्हयबाई निघाली. तिकडून बाजरीचे वाफवलेले उंडे आले, इकडून खीर गेली. पुढच्या खेपेला मात्र वाटी घेऊन जाऊच बांधावर उभी.

“आक्का, किती पळवायचं त्या पोरीला? पाय मोडतील तिचे.”

“मग तू ये की इकडं,” मी म्हणाले. “उन्हात काय उभी राहिलीस?”

बांध आहे तिथंच आहे. भांडणही अधूनमधून असतं, खोटं कशाला बोलू? पण तेव्हापासून कोप एकच घालतो.

यंदा त्या दोघांची बदली झाली. निघताना मी तीच वाटी शेंगदाण्याच्या चटणीनं भरून तिच्या हातात दिली. परवा फोनवर म्हणते, “काकू, चटणी कधीच संपली. पण वाटी रिकामी कशी पाठवू?”

येळवशीला पंधरा दिवस राहिलेत. जाऊ रोज बांधावरून ओरडून विचारते, “आक्का, पोरगी येते म्हणली का?”

“अगं,” मी ओरडते, “तिला दुसरं काय म्हणता येतं?”