शंभूची काळी बिअर

आमच्या केरबादादाचा पोरगा शंभूराज खोटं बोलायला लय उशिरा शिकला. पस्तिशीत. मी त्येची सख्खी आत्या, पलूसला दिलेली. त्येच्या दोन वर्सं आधी डोळ्याच्या ऑपरेशनला मलकापुरात माहेरी राहिले हुते, तवा ह्ये समदं माझ्यासमोर सुरू झालं. एका डोळ्यानं का हुईना, बघितलं मी.

शंभू पुण्याला कंपनीत. दर शनवारी गावी यायचा. पोरगं गुनाचं, तंबाकूला कवा शिवलं न्हाई. कंपनीतल्या कुन्या मित्रानं त्येला काळी बिअर पाजली. पैल्या घोटाला थुकला म्हनं. मग काय डोहाळं लागलं कुनास ठावं, दर आयतवारी एक नवी बाटली घिऊन माडीवर बसायचा. दार सताड उघडं. काचंच्या गिलासात वतायचा, उजेडाला धरायचा, वास घ्यायचा. वर तांबूस फेस, काहिलीत उसाचा रस उकळताना येतो तसला.

मी म्हनलं, "मुडद्या, औषध हाय का दारू?"

"आत्या, बस की. ही पोर्टर. जरा मऊ असती. गेल्या आयतवारची स्टाऊट हुती, तिच्यात सातू लय भाजत्यात, म्हनून करपट लागती. एक दुधाच्या साखरंची बी मिळती. ती अजून घावली न्हाई."

मी बोट बुडवून चाटलं. आगं आई गं! जळक्या कॉफीत काडेचिराईत. पन मागनं जिभंवर कायतरी गोडसर राहिलं, खोटं कशाला बोलू. एक बाटली त्येला सारी दुपार पुरायची. ना आवाज, ना शिवीगाळ. संपली की गिलास इसळून पालथा घालायचा.

आन् आमचा दादा? मिल्ट्रीतनं सुभेदार हुन आलेला. दिस मावळला की गोठ्यात म्हशीची धार काढायला जायचा. धार काढायचा गडी, ह्यो नुसता कँटीनची रम काढायचा. येताना तोंडात बडीशेप. साऱ्या मलकापूरला ठावं, पन दादा निर्व्यसनी. कारन कुनी बघितलं न्हाई.

त्या सालीच कोयनानगरचं स्थळ आलं. साक्षी नावाची पोरगी, शाळंत शिकवायची. दोघांनी बागंत फिरून बोलून घेतलं. आला तवा शंभूचं तोंड असं फुललेलं मी कवा बघितलं नव्हतं. म्हनला, "आत्या, हीच." तेहतीस वर्सांचा घोडा, पन लाजला.

कोयनानगरला पोरीच्या घरी बैठक बसली. पोरीचा बाप उदयसिंह, चुलतं, मामं, समदी टोप्या घालून. एका म्हाताऱ्यानं रीतीचा सवाल टाकला, "पोरगा निर्व्यसनी हाय न्हवं?"

दादा छाती काढून म्हनला, "सुपारीच्या खांडाचं बी व्यसन न्हाई."

झालं हुतं की! पोरानं गप बसायचं. पन ह्यो त्या म्हाताऱ्याला म्हनला, "आबा, खोटं कशाला? मी बिअर पितो. आयतवारी एक. काळी असती ती."

"काळी म्हंजी? हातभट्टीची?" म्हातारा म्हनला.

आन् आमचा येडा त्येला सातू कसं भाजत्यात त्ये समजावाय लागला! मी पदर तोंडात कोंबला. उदयसिंह उठून हुभा राहिला. "दारुड्याच्या घरी पोरगी द्यायची न्हाई आमाला." आतनं साक्षी म्हनली, "पप्पा, मला सांगितलंय त्येंनी. मला चालतंय." बापानं तिच्याकडं असं बघितलं की पोरीचा आवाज तितंच बसला.

जीपमंदी दादा भडकला. "खरं बोलायला तुला सांगितलं हुतं कुनी?" मी म्हनलं, "दादा, पोरगं तुमच्यापरीस मर्द हाय." तर माझ्याशी बोलायचं टाकलं. साक्षीचं दोन म्हैन्यात दुसरीकडं उरकलं. शंभू लय रडला, मी डोसक्यावरनं हात फिरवत बसले.

पुढं दोन वर्सं दारात स्थळ न्हाई. "पोरगा पितो" ही बातमी घाट उतरून कुठं कुठं गेली. मग आमच्याच पलूसची प्रांजल सांगून आली. आदल्या दिशी शंभूनं उरल्यासुरल्या बाटल्या मोरीत वतल्या. बैठकीत त्योच सवाल आला. दादानं तोंड उघडायच्या आत पोरगा खाली मान घालून म्हनला, "न्हाई. कसलंच न्हाई." लोकांनी साखर वाटली. मी माझ्या वाटची पदरात बांधली, खाल्ली न्हाई.

औंदा भाऊबीजंला गेले. दिस मावळताना दादाला ववाळाय हुडकत गोठ्यात शिरले, तर बाप-ल्योक पाठीला पाठ लावून हुभं. शंभूच्या हातात देशीची क्वार्टर. उन्हाळ्यापास्नं गावी आला की ह्येच हाय म्हनं. नाक दाबून अर्धी घशात वतली, डोळं पुसलं, मूठभर बडीशेप कोंबली. घरातनं प्रांजल हाका मारत हुती.

माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "शंभू, चव तरी कळली का रं?"

तोंड पुसत म्हनला, "चव कोन बघत बसतंय आत्या? कुनी यायच्या आत संपवायचं."